साहेबाच्या गावात दादाभाई

थर्ड इयरच्या सुट्टीत मी एका कंपनीत इंटर्नशिपला होतो. रोज दुपारी जर्मनीतल्या क्लायंटबरोबर कॉल असायचा. तिकडून कोणी बोलायला लागलं की मी आपला मध्ये मध्ये येस, येस करत राहायचो. आपल्याकडे फोनवर हं हं केलं नाही तर पलीकडचा माणूस विचारतो, अरे ऐकतोयस ना? माझा येस त्यातलाच. पण तिकडे त्याचा अर्थ झाला की मला सगळं मान्य आहे! शुक्रवारी टेस्टिंगचा पूर्ण रिपोर्ट देईन, हेही मी असंच कबूल करून बसलो होतो आणि मला पत्ताच नव्हता. सोमवारी जे झालं ते इथे लिहीत नाही.

त्यामुळे फायनल इयरला कम्युनिकेशन स्किल्सच्या प्रेझेंटेशनसाठी 'वेगवेगळ्या देशांतल्या चालीरीती आणि व्यवसाय' हा विषय दिसला तेव्हा मी हात वर केला. नेटवर सगळीकडे तेच तेच. जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, अमुक देशात वेळेआधी पोचावं वगैरे. कंटाळून लायब्ररीत गेलो आणि हाताला लागलं दादाभाई नौरोजींचं चरित्र. दादाभाई म्हणजे आपल्यासाठी शाळेतला दोन मार्कांचा प्रश्न. भारताचे पितामह, संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत, संपलं. पण हा माणूस लंडनला गेला होता तो धंदा करायला, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मित्रांनो, ते आपल्यासारखेच गणितवाले! 1825 सालचा जन्म. वडील पारशी पुरोहित, ते दादाभाई चार वर्षांचे असतानाच गेले. आई माणेकबाईंनी वाढवलं. शाळेत फी नव्हती म्हणून शिकता आलं आणि ही फी आपल्यासाठी लोकांनी भरली आहे, ती परत करायची आहे, असं त्यांनी मनाशी धरलं. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते इतके चमकले, की सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांनी त्यांना इंग्लंडला बॅरिस्टर व्हायला पाठवायचं ठरवलं. अर्धा खर्च ते स्वतः देणार होते, उरलेला पारशी पुढाऱ्यांनी द्यायचा. पुढारी नाही म्हणाले. त्याआधी काही पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, हाही तिकडे जाऊन तेच करील अशी भीती! गेली संधी.

दादाभाई मग इथेच राहिले. 1849 साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींच्या शाळा सुरू केल्या. घरोघर जाऊन मुली मागायच्या, काही घरांतून हाकलूनही द्यायचे. म्हणजे दोन संस्कृतींमधली दरी बघायला बोटीत बसावं लागतं असं नाही, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतही ती असते. तिशीच्या आत ते एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि नॅचरल फिलॉसॉफी (म्हणजे आपलं फिजिक्स) या विषयांचे प्रोफेसर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

आणि 1855 मध्ये ही नोकरी सोडून ते कामा अँड कंपनीचे भागीदार म्हणून निघाले लंडन-लिव्हरपूलला. इंग्लंडमधली ही पहिली भारतीय पेढी. सगळ्यांना धक्का बसला. प्रोफेसर झालेला माणूस कापूस विकणार? पण आधी धर्माच्या भीतीने बंद झालेलं दार आता व्यापाराने उघडलं होतं.

पुढचा भाग मी दोनदा वाचला. पेढी कापसाबरोबर अफू आणि दारूच्या व्यवहारातही होती. त्या काळात यात अनेकांना काही वावगं वाटत नव्हतं. अफूचा पैसा मुंबईतल्या किती बड्या घरांत होता आणि खुद्द कंपनी सरकारचंही उत्पन्न त्यावर चालत होतं! दादाभाईंनी त्या कमाईतला आपला वाटा घ्यायला नकार दिला. भागीदारांशी पटेना, तेव्हा तीनेक वर्षांत ते बाहेर पडले. 1859 साली स्वतःची पेढी काढली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तसे भारतीय कापसाचे भाव आभाळाला भिडले, ते संपलं तसे कोसळले. त्या लाटेत दादाभाईंची पेढीही बुडाली. चरित्रात हा भाग पटकन उरकलाय. मला तो आणखी वाचायचा होता, कारण सज्जन माणसाचा धंदा चालतोच असं नाही, हे तिथे दिसतं.

धंदा करताना एकीकडे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गुजराती शिकवत होते. पण त्यांनी साहेबाकडून खरं काय उचललं? मला वाटतं, त्याच्या वहीत लिहायची पद्धत. भारत गरीब आहे असं नुसतं ओरडून इंग्रज ऐकत नाही, त्याला आकडे लागतात. मग दादाभाईंनी सरकारचेच अहवाल काढले, प्रांताप्रांतांतलं उत्पादन, भाव सगळं मांडलं आणि हिशोब केला. माणशी वर्षाचं उत्पन्न आलं 20 रुपये. शेतमजुराला नुसतं जगायला लागणारा खर्च 34 रुपये. तुरुंगातल्या कैद्यावर सरकार किती खर्च करतं, तेही शेजारी मांडून ठेवलं. कॅल्क्युलेटर नाही, एक्सेल नाही! 1901 साली या सगळ्याचं पुस्तक आलं तेव्हा त्याच्या नावातच त्यांनी इथल्या राज्यकारभाराला ब्रिटिशांना न शोभणारा म्हटलं. साहेबाला साहेबाच्याच फूटपट्टीने मोजलं.

1886 साली ते होबर्नमधून पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पारशी टोपी घालून सभेत जाऊ नका, इंग्रजी हॅट घाला, असा सल्ला तिकडच्या हितचिंतकांकडून आला. दादाभाईंनी ऐकला. माझा मित्र म्हणाला, मग अफूच्या वेळी एवढे ताठ आणि टोपीच्या वेळी नरम कसे? माझ्या मते टोपी बदलल्याने कोणाचं नुकसान होत नाही. पण त्याला काही ते पटलं नाही.

1888 साली खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी एडिंबरोच्या भाषणात म्हणून गेले, की काळ्या माणसाला निवडून देण्याइतके इंग्रज मतदार अजून पुढे गेलेले नाहीत. झालं! जे दादाभाईंना ओळखतही नव्हते त्यांनाही त्यांचं नाव कळलं. काहींनी तर दादाभाई लॉर्डसाहेबांपेक्षा गोरे आहेत असा बचाव केला. मला तो बचाव आवडला नाही, मुद्दा रंगाचा नव्हताच. 1892 मध्ये लंडनच्याच सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले, अवघ्या 5 मतांनी. नौरोजी हे नाव ज्यांना उच्चारता येत नव्हतं त्यांनी नॅरो-मेजॉरिटी असं नवं नाव ठेवलं. पार्लमेंटमध्ये शपथ मात्र त्यांनी बायबलवर नाही, अवेस्तावर घेतली.

1895 ला ते पुन्हा पडले. 1907 मध्ये कायमचे परत आले, वर्सोव्याला समुद्राच्या सोबतीने शेवटची वर्षं काढली आणि 1917 मध्ये गेले.

प्रेझेंटेशन झाल्यावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला. अफूवाली पेढी आज आपल्या कॉलेजात प्लेसमेंटला आली, चांगलं पॅकेज देतेय, तर तू फॉर्म भरशील का? वर्गात हशा पिकला. पंधरा दिवसांवर प्लेसमेंट सीझन होता आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, आलेल्या प्रत्येक कंपनीचा फॉर्म ती काय करते हे न बघता भरून ठेवला होता. मी तसाच उभा राहिलो. येस म्हणालो नाही, एवढं खरं.