लुईजी गॅल्व्हानी

आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, तेव्हा मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत कोण पोहोचवितो? मज्जातंतूंतून एखादा सूक्ष्म रस वाहत असावा, असे पूर्वी अनेक विद्वान मानीत. या प्रश्नाचा खरा मार्ग दाखविला तो लुईजी गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञाने.

गॅल्व्हानीचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या या शहरी झाला. बालपणी त्याचा ओढा धर्माध्ययनाकडे होता. परंतु पुढे तो वैद्यक शिकला आणि तेथील विद्यापीठातच शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. त्याची पत्नी लुचिया हीदेखील सुविद्य असून त्याला प्रयोगांत साहाय्य करीत असे.

एके दिवशी मेजावर मेलेल्या बेडकाचे सोललेले पाय ठेविले होते. जवळच विद्युत्‌यंत्र होते. साहाय्यकाने शस्त्राचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लावले. त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली आणि तो निर्जीव पाय ताडकन आखडला! दुसऱ्या कोणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. गॅल्व्हानीने मात्र अनेक वर्षे नाना रीतींनी प्रयोग केले. पितळी आकड्यांत अडकविलेले पाय लोखंडी कठड्याला टेकले की, आकाश निरभ्र असतानाही, आखडत. प्राण्याच्या देहातच वीज असते, असा निष्कर्ष त्याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केला.

पाव्हिया येथील शास्त्रज्ञ व्होल्टा याला तो पटला नाही. ही वीज बेडकाची नसून दोन भिन्न धातूंच्या स्पर्शाने निर्माण होते, असे त्याचे मत होते. तेव्हा गॅल्व्हानीने धातू मुळीच न वापरता, केवळ मज्जातंतू स्नायूला टेकवून पाय हलवून दाखविला. वस्तुतः दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता. व्होल्टाच्या विचारातून १८०० मध्ये विद्युत्‌घट जन्मास आला. गॅल्व्हानीच्या विचारातून मज्जातंतूंचे नवे शास्त्र उदयास आले.

परंतु हे यश पाहणे गॅल्व्हानीच्या नशिबी नव्हते. लुचिया आधीच निवर्तली होती. पुढे नेपोलियनने स्थापिलेल्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ प्राध्यापकांनी घ्यावी, असा हुकूम निघाला. ती आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे वाटल्यामुळे त्याने ती घेतली नाही. १७९८ मध्ये त्याचे पद गेले, वेतनही गेले. पण तो डगमगला नाही. त्याच वर्षी ४ डिसेंबर रोजी त्याचे देहावसान झाले.

त्याने लावलेले रोप आज फळास येत आहे. पक्षाघाताने हातपाय लुळे पडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील विद्युत्‌संदेश टिपून त्यांवर यांत्रिक हात चालविण्यात आला आणि ती त्या हाताने कॉफी प्यायली, हे वृत्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. यांत्रिक बोटांचा स्पर्श रुग्णाला स्वतःच्या बोटांसारखा जाणविल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यांना दिसलेले सत्य आणि मनाला पटलेले सत्य, ही दोन्ही गॅल्व्हानीने सारख्याच निष्ठेने जपली.