शाळेत पोरं येईनात, तर शाळाच नेली पोरांच्या दारात. ताराबाई मोडक यांची गोष्ट

आज गावागावात अंगणवाडी आहे. पण ही कल्पना आपल्याच डहाणू तालुक्यात रुजली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. त्या काळात त्या बी.ए. झाल्या. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं. छडी आणि घोकंपट्टीने पोरं शाळेला घाबरतात, हे त्यांनी ओळखलं होतं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

पुढे १९४५ मध्ये त्या शहर सोडून बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली पोरं काही येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. शाळेचं काय चुकतंय ते बघितलं. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. तिथल्याच अंगणात पोरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, गाणी-गोष्टी सांगायच्या. हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली पोरं दिवसभर ढोरं राखायची. कडेवर धाकटं भावंडं असायचं. शाळेत येणार कशी? म्हणून कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळा! ढोरं चरतात, पोरं शिकतात. धाकट्यांसाठी पाळणाघर, त्यापुढे बालवाडी आणि मग प्राथमिक शाळा, असं सगळं एका जागी आणलं. तीच विकासवाडी. महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मोजणी शिकवली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ ला, सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आजही पट कमी झाला की पालकांकडे बोट दाखवलं जातं. पोराला शाळेत करमतं का, हे कोणी विचारत नाही. ताराबाई आधी तेच बघायच्या. आपल्या गावच्या शाळेत, अंगणवाडीत एकदा डोकावून या. पोरं हसत आत जात असतील, तर शाळा बरी चालली आहे.