नेब्रिहा : उच्चाराला जपणारा वैयाकरण

स्पॅनिश शिकताना एका क्रियापदाने मला फार छळले. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणे. इच्छा किंवा शंका दाखविणारे त्याचे वर्तमानकाळी रूप ‘बुस्के’. ऐकताना ‘क’ तसाच. लिहिताना मात्र ‘सी’ जाऊन ‘क्यू-यू’ ही जोडी येते! मी ‘सी’च ठेवला आणि गुण गमावले. कारण शोधता शोधता आंतोनियो दे नेब्रिहा यांच्यापाशी पोहोचलो.

पंधराव्या शतकाच्या मध्याला सेव्हिलजवळच्या लेब्रिहा गावी त्यांचा जन्म झाला. इटलीत बोलोन्याला शिकून ते सालामांका विद्यापीठात लॅटिनचे अध्यापक झाले. १४९२ साली त्यांनी कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण छापून राणी इसाबेलाला अर्पण केले. याचा उपयोग काय, असे राणीने आधी विचारल्याचे त्यांनीच प्रस्तावनेत नोंदविले आहे.

बोलावे तसे लिहावे, हे त्यांचे सूत्र. ‘क’ या उच्चारासाठी सर्वत्र ‘सी’च लिहावा, असे त्यांनी सुचविले. ते रूढ झाले नाही. ‘ए’, ‘इ’ या स्वरांपूर्वी ‘सी’ मऊच राहिला. म्हणून ‘क’ राखण्यासाठी अक्षर बदलावे लागते.

१५१३ मध्ये सालामांकाने अध्यासनासाठी या वृद्ध गुरूला डावलून एका तरुणाला निवडले. ते आल्कालाला गेले. खचले मात्र नाहीत. १५१७ मध्ये त्यांनी शुद्धलेखनावर पुस्तक काढले. १५२२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

आपल्या ‘माझा’ आणि ‘माझी’मध्ये ‘झ’ एकच, उच्चार मात्र दोन. तेथे उच्चार टिकविण्यासाठी अक्षर बदलते, येथे अक्षर टिकते आणि उच्चार बदलतो. हे उमगल्यापासून गेलेल्या गुणांची हळहळ उरली नाही.