भिवंडीतला प्रत्येक पिकअपवाला ज्याचं नाव रोज घेतो, तो डिझेल नावाचा माणूस नेमका कोण होता?

मानकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा. भिवंडीच्या या पट्ट्यात शिरलं की गोडाऊनच्या रांगाच रांगा लागतात. मुंबईला खेटून, पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून इथं गोडाऊनं उभी राहिली. २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊनं कमी झाली नाहीत, उलट वाढत गेली. आणि गोडाऊन म्हटलं की माल आला, माल म्हटलं की पिकअप आली.

आता ही पिकअप घेताना प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो. डिझेल घ्यायची की सीएनजी? हप्ता तर दर महिन्याला जाणारच. गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहिली तर भाडं बुडतं, पण हप्ता थांबत नाही. त्यामुळं मायलेजच्या आधी लोक विचारतात, दगा कुठली देणार नाही?

याचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. कारण डिझेल हे आधी तेलाचं नाव नव्हतंच. ते एका माणसाचं आडनाव होतं. रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताचीच. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मनांना गाशा गुंडाळावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. १२ वर्षांच्या रुडॉल्फला मात्र शिक्षणासाठी जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाईकांकडं पाठवलं. तिथं काका गणित शिकवायचे.

पोरगा हुशार निघाला. ऑग्सबर्गहून तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत पोहोचला. तिथं त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, म्हणजे बर्फ बनवणाऱ्या यंत्रांच्या इतिहासातलं मोठं नाव. १८८० साली रुडॉल्फ उत्तम गुणांनी पास झाला आणि पॅरिसला लिंडे यांच्याच बर्फाच्या धंद्यात कामाला लागला.

पण डोक्यात किडा वेगळाच होता. कॉलेजात असताना त्याला एक गोष्ट कळली होती. त्या काळचं वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के कामाला लावायचं. बाकीची सगळी वाया. १०० रुपयांचा कोळसा जाळायचा आणि ९० रुपये धुराड्यातून सोडून द्यायचे, असा तो हिशोब.

दुसरी गोष्ट त्याला आणखी टोचत होती. वाफेचं मोठं इंजिन परवडायचं फक्त मोठ्या कारखानदाराला. त्याच्या वडिलांसारख्या छोट्या कारागिराकडं पर्याय नव्हता. छोट्या कारखानदाराला परवडेल, कमी इंधनात चालेल असं इंजिन मिळालं तर तोही मोठ्यांसमोर टिकेल, असं रुडॉल्फला वाटायचं. पुढं विजेच्या मोटरनं हे काम केलं. भिवंडीच्या गाळ्यागाळ्यात खडखडणारे यंत्रमाग हे त्याचंच उदाहरण.

तर इंजिनाची कल्पना काय होती?

त्याआधी १८७६ मध्ये निकोलाउस ऑटो या जर्मन माणसानं चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं होतं. आजचं पेट्रोल इंजिन त्याच वंशातलं. गंमत म्हणजे ऑटोचं ते इंजिन चालायचं कोळशापासून काढलेल्या गॅसवर. म्हणजे सीएनजीची गाडी आपल्याला नवीन वाटते, पण गॅसवरचं इंजिन डिझेलपेक्षाही जुनं आहे.

ऑटोच्या पद्धतीत हवा आणि इंधन आधी एकत्र करायचं, थोडं दाबायचं आणि मग बाहेरून ठिणगी द्यायची. रुडॉल्फनं ठिणगीच काढून टाकली. सायकलमध्ये हवा भरताना पंप खाली गरम होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ म्हणत होता की नुसती हवा इतकी दाबायची की ती लालबुंद लोखंडासारखी तापेल, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ते आपोआप पेटेल. प्लग नको, ठिणगी नको.

१८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्यानं त्याला जागा, माणसं आणि पैसा दिला.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन आत गेलं, पेटलं आणि इतका दाब तयार झाला की वर बसवलेलं दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं. रुडॉल्फ थोडक्यात वाचला. पण कल्पना खरी ठरली होती. इंधन ठिणगीशिवाय पेटलं होतं.

फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं. किती वेळ? साधारण एक मिनिट. त्या एका मिनिटापासून कामाचं इंजिन बनवायला आणखी तीन वर्षं गेली. १८९७ मध्ये म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली आणि आकडा आला २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. रुडॉल्फ डिझेल एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला. परवाने विकले गेले, पैशाचा पाऊस पडला. अमेरिकेतले बिअरसम्राट अडोल्फस बुश यांनी तिथले हक्क घेतले.

आणि इथंच माशी शिंकली.

१८९८ मध्ये केम्प्टनच्या आगपेटीच्या कारखान्यात डिझेल इंजिन बसलं. पाठोपाठ इतर गिऱ्हाइकांकडं इंजिनं गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या नजरेखाली नीट चालणारं इंजिन रोजच्या वापरात, साध्या कामगाराच्या हातात बंद पडायला लागलं. कल्पनेत खोट नव्हती. पण एवढा दाब आणि एवढी उष्णता सोसायला सुटे भाग तितके पक्के लागत होते, इंधन स्वच्छ लागत होतं, सांभाळणारा माणूस जाणकार लागत होता. लोकांचा विश्वास डळमळला. रुडॉल्फची तब्येत ढासळली, उपचारासाठी त्याला कामापासून लांब राहावं लागलं.

कारखान्यातल्या इंजिनिअरांनी मग एकेक दोष काढला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. १९१२ मध्ये डेन्मार्कचं सेलांडिया हे जहाज डिझेलच्या जोरावर महासागरात उतरलं.

इंजिन सावरलं, माणूस मात्र सावरला नाही. जमिनीच्या व्यवहारात आणि गुंतवणुकीत रुडॉल्फचे पैसे बुडाले. म्युनिकमध्ये आलिशान बंगला होता, वरून सगळं झकास दिसत होतं, आतून कर्ज होतं.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियमच्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेसडेन बोटीवर तो चढला. रात्री जेवण झालं, तो केबिनकडं गेला. सकाळी केबिन रिकामी होती. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तूंवरून मुलानं ओळख पटवली. वय ५५. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही चर्चा होते. पण कर्जाचा डोंगर बघता बहुतेक अभ्यासक आत्महत्येकडंच बोट दाखवतात.

म्हणजे डिझेलवर सर्रास धावणारे ट्रक त्यानं बघितलेच नाहीत. त्याच्या इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागायचा. तो गाडीत बसणार कसा? १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत बेंझ आणि एमएएन यांनी ट्रकमध्ये डिझेल इंजिन बसवलं. १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन फवारणारे पंप कारखान्यातून बाहेर पडायला लागले आणि रस्ता मोकळा झाला. महाराष्ट्रात १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर धडधडणारं ऑइल इंजिन ज्यांनी पाहिलंय, त्यांनी रुडॉल्फचीच कल्पना पाहिली आहे.

आता भिवंडीतल्या मूळ प्रश्नाकडं येऊ.

डिझेल इंजिन दणकट असतं, ही समजूत खरी आहे आणि तिचं कारण रुडॉल्फच्या कल्पनेतच आहे. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहापट दाबली जाते, डिझेलमध्ये पंधरा ते वीस पट. तो दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळं जाड आणि मजबूत करावं लागतं. कमी आरपीएमला जास्त ओढ मिळते. भिवंडीतून कपड्याच्या गाठी भरून कसारा घाट चढत नाशिकला रोज जायचं असेल, तर हे इंजिन त्याच कामासाठी जन्मलंय. भरलेलं, तापलेलं, एकसारखं चाललेलं डिझेल इंजिन लवकर दगा देत नाही.

पण १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली, म्हणजे डीपीएफ. ही जाळी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगात, तापून चालावी लागते. काल्हेरहून ठाणे, तिथून मुलुंड, दोन किलोमीटरला ब्रेक, दुकानासमोर इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, असा धंदा असेल तर जाळी भरते, दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते. शिवाय आजचा पंप हजार बारपेक्षा जास्त दाबानं इंधन फवारतो. त्यात पाणी किंवा कचरा गेला की इंजेक्टरचा खर्च खिसा रिकामा करतो. १८९८ ला गिऱ्हाइकांनी जे भोगलं तेच हे. स्वच्छ इंधन, जाणकार फिटर आणि योग्य काम नसेल तर दणकट इंजिनही रडवतं.

अशा थांबत-थांबत चालणाऱ्या कामाला सीएनजी बरी. डीपीएफची भानगड नाही, इंजिन साधं, आवाज कमी. पण तिचेही नखरे आहेत. टाक्या वजन आणि जागा खातात. पेट्रोलच्या मानानं ओढ कमी मिळते, त्यामुळं घाटात ओव्हरलोड गाडीची दमछाक होते. प्लग आणि व्हॉल्व्हकडं लक्ष ठेवावं लागतं. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. आणि पंपावरच्या रांगेत गेलेला तासही भाड्यातूनच जातो.

म्हणून शोरूममध्ये जायच्या आधी वहीत एका महिन्याच्या ट्रिपा लिहून काढाव्यात. एका ट्रिपला किती किलोमीटर, किती वजन, किती वेळा थांबायचं, घाट आहे का, आणि आपल्या भागात त्या गाडीचा चांगला फिटर कोण. लांबचा पल्ला आणि जड माल निघाला तर डिझेल. शहरातल्या शहरात हलका माल निघाला तर सीएनजी.

रुडॉल्फ डिझेलला छोट्या माणसाच्या हातात परवडणारं इंजिन द्यायचं होतं. ते आता हातात आलंय. त्याला कुठल्या कामाला जुंपायचं, एवढं मात्र घेणाऱ्यानंच ठरवायचं आहे.