अमळनेरचे साने मास्तर : अन्यायाशी भांडले, पण माणसाशी वैर धरलं नाही

अमळनेर : बांधावरून दोन भाऊ बोलत नाहीत. ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन तीन वर्षं झाली तरी वरच्या गल्लीचा माणूस खालच्या गल्लीत लग्नाला जात नाही. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कुणी ना कुणी कुणाला डिवचतोच. खानदेशात हे काही नवं नाही आणि खानदेशापुरतंही नाही. पण याच मातीत शंभर वर्षांपूर्वी एक मास्तर आले होते. त्यांनी आयुष्यभर भांडणंच केली. सरकारशी केली, गिरणीमालकाशी केली, आपल्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाशी आणि पंढरपूरच्या बडव्यांशीही केली. तरी त्यांचा कुणी वैरी होता असं सांगणारा माणूस सापडणं अवघड आहे.

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. नाव सगळ्यांना माहीत. शाळेच्या भिंतीवर फोटो असतो, 11 जूनला हार घालतात आणि विषय संपतो. अमळनेर, धुळे, फैजपूर या गावांनी त्यांना कसं घडवलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

गुरुजी मूळचे खानदेशातले नाहीत. 24 डिसेंबर 1899 ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड गावी त्यांचा जन्म झाला. घराणं खोताचं. एकेकाळी मान होता, पैसाही होता. पण वडिलांच्या काळात सगळं उतरत गेलं. वाटण्या झाल्या, कज्जे झाले, कर्ज डोक्यावर बसलं. राहतं घर सोडावं लागलं. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला वाट्टेल ते बोलला, तो प्रसंग 'श्यामची आई'मध्ये आहे. भाऊबंदकी घराचं काय करते, हे या मुलाने पुस्तकात वाचलं नव्हतं, घरात पाहिलं होतं. असं बालपण गेलेली मुलं पुढे एक तर कडू होतात, नाही तर दबून जातात. हा मुलगा दोन्ही झाला नाही. त्यात मोठा वाटा आई यशोदाबाईंचा. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी पडली, तेव्हा आईने लोक काय म्हणतील याची पर्वा न करता मुलाला ती उचलून द्यायला लावलं. 1917 मध्ये आई गेली. शिक्षणासाठी बाहेर असलेल्या मुलाची शेवटची भेटही झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली.

एम.ए. झाल्यावर ते अमळनेरला आले ते मास्तरकी करायला नव्हे. प्रताप शेठजींनी उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला आले. तिथल्या कोरड्या चर्चेत मन रमलं नाही. 1924 मध्ये खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक झाले. वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. आजूबाजूच्या खेड्यांतली, घरी आहिराणी बोलणारी शेतकऱ्यांची पोरं आणि त्यांच्यावर हा लाजराबुजरा कोकणी मास्तर!

त्या काळी मास्तर म्हणजे छडी. गुरुजींनी वेगळा मार्ग धरला. पोरांनी खोली घाण ठेवली की ते काही न बोलता स्वतः झाडू मारायचे. मळके कपडे पडलेले दिसले तर धुवून, वाळवून, घडी घालून ठेवायचे. दोन-चारदा असं झालं की पोरांनाच लाज वाटायची. पोरांसाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. शिक्षा करून पोरगं घाबरतं, बदलत नाही, हे त्यांनी अमळनेरच्या वसतिगृहात ओळखलं. पुढे मोठ्या माणसांशी भांडतानाही त्यांनी हीच रीत ठेवली.

सहा वर्षांची ही नोकरी 1930 मध्ये त्यांनी सोडली. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. पाठोपाठ तुरुंग आला. आधी धुळे, मग पार दक्षिणेत त्रिचनापल्ली. तिथे बरोबरचे कैदी तमिळ, मल्याळम, तेलुगू बोलणारे. एकाच देशासाठी तुरुंगात आलेली माणसं, पण एकमेकांचं बोलणं कळेना. गुरुजींना याचं फार वाईट वाटलं. ते तमिळ शिकायला बसले आणि पुढे तिरुवल्लुवरांचा कुरल ग्रंथ मराठीत आणला. ज्याची भाषा आपल्याला येत नाही त्याच्याबद्दल मनात पटकन अढी बसते, हे त्यांना तिथे कळलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही आंतरभारतीची कल्पना याच तुरुंगातली आहे. 1949 मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती लोकांपुढे मांडली.

धुळे जेलमधले अठरा रविवार

1932 मध्ये गुरुजी पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा भावे आले. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबांनी कैद्यांसमोर गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं केली. विनोबा बोलायचे आणि गुरुजी झरझर लिहून घ्यायचे. आज 'गीता प्रवचने' देशातल्या अनेक भाषांत वाचली जाते. ती आपल्यापर्यंत पोचली ती धुळे जेलमध्ये बसून लिहिणाऱ्या या कैद्याच्या हातामुळे.

गीता म्हणजे शेवटी काय? चुलतभावांच्या भांडणातच सुरू होणारं पुस्तक. समोर आपलीच माणसं उभी, हक्क तर सोडायचा नाही, मग लढायचं कसं? तुरुंगात बसलेल्या सत्याग्रहींपुढे हाच प्रश्न होता. इंग्रजांचं राज्य नको, पण समोरचा शिपाई, जेलर, फौजदार हीही माणसंच. मनात राग न ठेवता लढणं हे बोलायला सोपं, पण लाठी खाल्ल्यावर तेच फार अवघड होऊन बसतं. गुरुजी मुळात हळवे. लवकर रडणारे. त्यांच्या रडण्याची त्या काळीही पुष्कळ थट्टा झाली आणि आजही होते. पण धुळ्यानंतर त्यांच्या हळवेपणाला एक कणा आलेला दिसतो. धुळ्याहून त्यांना नाशिकच्या तुरुंगात नेलं. तिथे फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. गरिबी, अपमान, कर्जाने मोडलेलं घर, सगळं त्यात आहे. सूड घेण्याची भाषा मात्र कुठे नाही.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली.

खरा कस लागला तो पुढे. 1938 मध्ये पूर्व खानदेशात अतिपावसाने पिकं गेली. तेव्हा मुंबई प्रांतात खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, म्हणजे आपलंच सरकार. गुरुजींनी तरी शेतसारा माफ व्हावा म्हणून सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. अमळनेर आणि धुळ्याच्या गिरणी कामगारांच्या युनियनचे तेच अध्यक्ष झाले. अमळनेरची गिरणी कुणाची? प्रताप शेठजींची. ज्यांच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, ज्यांच्या देणगीमुळे शाळेला नाव मिळालं, त्यांच्याच कामगारांचा पुढारी व्हायचं! आपल्याकडे असं झालं की लगेच मिठाला जागला नाही म्हणतात. गुरुजींनी उपकारही नाकारले नाहीत आणि कामगारांची बाजूही सोडली नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हेच आपल्याला बऱ्याचदा पटत नाही.

पंढरपूरचे दहा दिवस

1942 च्या चळवळीत ते भूमिगत राहिले, पुन्हा तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यात मोठं भांडण काढलं. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात दलितांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आणि त्यांच्या समाजाची माणसं देवळाबाहेर. गुरुजींनी उपोषणाचं ठरवलं. सेनापती बापटांसारख्या ज्येष्ठांनी त्यांना थांबवलं, आधी लोकांमध्ये जा म्हणून सांगितलं. मग 1947 च्या सुरुवातीचे काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. सेवादलाची पोरं बरोबर. कितीतरी गावांत विहिरी आणि देवळं खुली झाली. काही ठिकाणी काळे झेंडेही दिसले. साने, तुम्ही भीमेपार चालते व्हा, विठ्ठलाचं दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या घोषणा झाल्या.

1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. मधेच गांधीजींची तार आली, उपोषण सोडा म्हणून. ज्यांना देवासारखं मानलं तेच विरोधात गेले. गुरुजींनी उपोषण सोडलं नाही. गांधीजींवर रागही धरला नाही. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडव्यांशी बोलणी झाली आणि 10 मे रोजी देऊळ खुलं करण्याचं ठरलं.

उपोषण हाही एक दबावच, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यात तथ्य नाही असं नाही. माणूस मरायला टेकला की समोरच्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. पण उपोषणाआधी ते महिनोन् महिने गावोगाव जाऊन लोकांना समजावत राहिले, हेही त्यात धरावं लागेल. त्या दौऱ्याशिवाय दार उघडलं असतं, तरी गावातली माणसं तशीच राहिली असती.

पुढच्याच वर्षी, 30 जानेवारी 1948 ला, गांधीजींचा खून झाला. मारणारा मराठी, ब्राह्मण. गुरुजीही ब्राह्मण. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरं पेटली. एका द्वेषातून दुसरा द्वेष उभा राहिला. गुरुजींनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. एकवीस दिवस उपोषण करून प्रायश्चित्त घेतलं. त्याच वर्षी 15 ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. जगाचा राग त्यांनी कुणावर काढला नाही, तो स्वतःवर काढत राहिले. दुसऱ्याची चूक झाली तरी शिक्षा स्वतःला. स्वातंत्र्यानंतरचं राजकारण, जातीजातीतली तेढ पाहून ते आतून खचत गेले. 11 जून 1950 ला मुंबईत त्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं. वय जेमतेम पन्नास. हजारो पोरांचे डोळे पुसणाऱ्या माणसाचं मन त्या दिवसांत कुणी हलकं केलं असतं, तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांना अजून छळतो.

ते गेल्यावर दोन वर्षांनी, 1952 मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं. त्यानंतर पुन्हा यायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. 97 वं संमेलन होतं. मांडव प्रताप शेठजींच्या नावाच्या कॉलेजच्या आवारात पडला होता आणि संमेलन नगरीला नाव दिलं होतं साने गुरुजींचं.