मायकल फॅरडे : स्वतः आत बसून पारखणारा सेवक

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की बाहेरच्या खोलीतला रेडिओ खरखरू लागतो, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. एका यंत्राने दुसऱ्यास असा उपद्रव देऊ नये आणि दुसऱ्याच्या उपद्रवाने स्वतःही बिघडू नये, म्हणून विजेच्या उपकरणांची बाजारात येण्यापूर्वी परीक्षा होते. तीसाठी चहूबाजूंनी धातूने मढवलेली खोली वापरतात. त्या खोलीचे मूळ शोधत गेलो, तर आपण लंडनमधील एका व्याख्यानगृहात, एका लोहाराच्या मुलापाशी जाऊन पोहोचतो. त्या मायकल फॅरडे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत, पण प्रकृती साथ देत नसे. त्यामुळे घरी ओढगस्त होती. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढ्यावरच मायकलची शाळा संपली. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला, आणि बांधायला आलेली पुस्तके वाचूनच शिकला. १८१२ साली सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्याच वास्तूत गेले.

फॅरडे यांचे घराणे सँडेमनियन नावाच्या एका लहानशा मंडळीचे होते. तेथे पगारी पाळक नसत. मंडळीने निवडलेले वडीलच उपदेश करीत. १८२१ साली त्याच मंडळीतील सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि महिन्याभरातच त्यांनी मंडळीपुढे आपला विश्वास प्रकट केला.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्यांनी दाखवून दिले की, एका वेटोळ्यातील वीज सुरू वा बंद करताना दुसऱ्यातही क्षणभर वीज उत्पन्न होते. आजचे जनित्र व रोहित्र याच तत्त्वावर चालतात. मिक्सरची खरखर रेडिओत शिरते तिच्याही मुळाशी हेच तत्त्व असू शकते. कारण बदलती वीज शेजारच्या तारेला स्पर्श न करताही जागे करते.

मग या उपद्रवास आडकाठी कशी घालावी? त्याचा मार्गही फॅरडे यांच्याच प्रयोगातून निघाला. जानेवारी १८३६ मध्ये त्यांनी लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १२ फूट असा लाकडी सांगाडा उभारला आणि त्याला तांब्याची तार व धातूचा वर्ख लावला. बाहेरून त्यास जबर विद्युतभार दिला. ठिणग्या उडू लागल्या. फॅरडे मात्र पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतमापक घेऊन आत होते. मापकांवर काहीच परिणाम दिसला नाही! भार धातूच्या बाहेरच्या अंगावरच राहतो, हे सिद्ध झाले. आजच्या परीक्षागृहाच्या भिंती याच शोधाचा वारसा सांगतात. तेथे दाराच्या फटीतूनही लहरी निसटतात, म्हणून दाराच्या कडांना धातूच्या लवचिक पट्ट्या बसवाव्या लागतात.

त्याच वर्षी दीपगृहांची देखभाल करणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे ते सल्लागार झाले आणि १८६५ पर्यंत राहिले. दिव्याच्या वाफेने दीपगृहाच्या काचा धुरकटत. ती वाफ बाहेर नेणारे धुराडे त्यांनी योजले. साउथ फोरलंड येथे विजेचा दिवा लावून पाहिला जात होता, तेव्हा फेब्रुवारी १८६० मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, बर्फाने रस्ते बुजलेले असताना कुंपणे ओलांडीत ते तो पाहावयास गेले. दिव्याच्या भरवशावर खलाशांचे प्राण असतात. तो प्रत्यक्ष पाहिल्यावाचून त्याविषयी मत कसे द्यावे?

परंतु त्यांची सर्वांत कठीण परीक्षा प्रयोगशाळेत झाली नाही. १८४० साली मंडळीने त्यांना वडील म्हणून निवडले. १८४४ साली मंडळीतील शिस्तीच्या एका प्रश्नावरून इतर काही जणांबरोबर त्यांनाही सहभागितेतून वगळण्यात आले. युरोपभर कीर्ती पसरलेला हा मनुष्य, मोजक्या सामान्य माणसांच्या निर्णयापुढे उभा होता. त्यांनी मंडळी सोडली नाही, की आपल्या नावाचा दबाव आणला नाही. काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा घेण्यात आले, पण वडीलपण गेले. ते पुन्हा मिळावयास १८६० साल उजाडले. मधली सोळा वर्षे ते साधे सभासद म्हणून उपासनेस बसत राहिले.

आज मंडळीत थोडे मन दुखावले की आपण दुसरी मंडळी शोधतो, किंवा आठवडेच्या आठवडे घरी बसतो. आम्हांलाही हे लिहिताना स्वतःकडे पाहावे लागले.

फॅरडे यांनी सरदारकी नाकारली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही दोनदा नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी देह ठेवला. हायगेट येथे साध्या शिळेखाली ते विसावले आहेत.

आपल्यामुळे शेजाऱ्यास उपद्रव होऊ नये, आणि शेजाऱ्याच्या उपद्रवाने आपण ढळू नये, एवढीच अपेक्षा परीक्षागृहात यंत्राकडून केली जाते. प्रभूच्या घरात ती आपल्याकडून केली, तर जास्त होईल काय?