विश्लेषण : डार्विनवरील जपानी हल्ल्याचे सत्य का दडपले गेले? कोण होते जॉन कर्टिन?

दुसऱ्या महायुद्धात जपानने ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर केलेला सर्वांत मोठा हल्ला सरकारने किती लपवला, याची चर्चा तिथे अनेक दशके सुरू राहिली. तेव्हाचे पंतप्रधान जॉन कर्टिन हे मुळात पत्रकार होते.

संपादक ते पंतप्रधान

कर्टिन यांचा जन्म १८८५ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील क्रेसविकचा. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीला विरोध केल्याने १९१६ मध्ये त्यांना काही दिवस तुरुंगवास झाला. पुढे पर्थमध्ये ते कामगार चळवळीच्या साप्ताहिकाचे संपादक झाले. १९३५ मध्ये मजूर पक्षाचे नेतेपद आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले. दोनच महिन्यांत जपान युद्धात उतरला.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी काय घडले?

सिंगापूर पडून चारच दिवस झाले होते. जपानच्या १८८ विमानांनी उत्तरेकडील डार्विन बंदरावर हल्ला चढवला. दुपारी दुसरा हल्ला झाला. अमेरिकी विनाशिका ‘पेरी’सह अनेक जहाजे बुडाली, सुमारे २४० जण ठार झाले. त्या दिवशी कर्टिन सिडनीच्या रुग्णालयात होते.

सरकारने काय लपवले?

हल्ल्याची बातमी दडपली नाही, दडपली ती त्याची तीव्रता. सुरुवातीला जाहीर झालेला मृतांचा आकडा वीसपेक्षाही कमी होता. नागरिकांचे पलायन आणि सैनिकांनी केलेली लूटमार यांची नोंद न्या. चार्ल्स लोव यांच्या चौकशी अहवालात झाली; पण तो गुप्त राहिला. शत्रूला नुकसानीचा अंदाज येऊ नये आणि जनतेचे मनोधैर्य खचू नये, ही त्यामागची भूमिका. एरवी हेच कर्टिन निवडक पत्रकारांना विश्वासात घेऊन युद्धातील गुपिते सांगत. अट एकच, छापायचे नाही.

परिणाम काय झाला?

माहितीची पोकळी अफवांनी भरली. मृतांचा आकडा हजारावर असल्याची वदंता पसरली. आधीच्या सरकारने उत्तर ऑस्ट्रेलिया शत्रूला सोडून देण्याची योजना आखली होती, असा आरोप कर्टिन यांच्याच मंत्रिमंडळातील एडी वॉर्ड यांनी केला. १९४३ च्या चौकशीत तो सिद्ध झाला नाही.

सत्य कधी बाहेर आले?

५ जुलै १९४५ रोजी, युद्ध संपण्याच्या सहा आठवडे आधी कर्टिन यांचे निधन झाले. लोव अहवाल ऑक्टोबर १९४५ मध्ये खुला झाला. तोवर अफवा मात्र घट्ट रुजल्या होत्या.